उत्तर येईपर्यंत

"चल गं, डबा काढ," पॉलिशवाली म्हणाली, आणि मेणात कवळीचा दात टेकवता टेकवता माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून उत्तर दिलं नाही." तिचं चाक तेव्हा थांबत आलं होतं. घरघर विरत जाऊन खोलीत जी पोकळी होते तिच्यात माझं वाक्य अगदी स्वच्छ ऐकू आलं, मलासुद्धा. कुणाला उत्तर, कसलं उत्तर, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही बसा, मी हा वरचा जबडा पुरा करून येते. तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. तिच्या भुवयांवर कायम प्लास्टरची धूळ असते, त्यामुळे ती कशानेही चकित झाल्यासारखी दिसते. "तुझे उपास तरी किती गं," ती म्हणाली, "देवालाही वार लक्षात ठेवायला जड जात असेल." मी हसले. आज माझा उपास नव्हता. डबा खुर्चीखालीच होता, सकाळी मीच भरलेला, आणि त्याच्याकडे हात जाईना.

उपास मी करते, ते खरं आहे. सकाळी उठल्यावर हात जोडून देवाला सांगते की आज मी जेवणार नाही, आणि संध्याकाळी सोडते. मधली भूक माझी असते, मी तिला दिवसभर जपून नेते, काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी. त्या भुकेत जीव हलका होतो, हातही स्थिर होतात, आणि माझ्या कामाला हाताची स्थिरता लागते. आम्ही दातांच्या कवळ्या करतो. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो, साच्यावर मेणाची हिरडी चढवून मी तिच्यात एकेक दात बसवते, आणि शेवटी पॉलिशवाली तिच्या चाकावर त्याला जिवंत माणसाच्या तोंडाची ओल आणते. पण आजची भूक त्या जातीची नव्हती. ही आमच्या घरची भूक होती, आणि मी तिला वासावरून ओळखलं. तोंडात लोखंडाची चव येते, कानशिलं गार पडतात, आणि सगळं लक्ष एका दाराकडे लागून राहतं. दार कुठलंही असो.

आमच्या घरात विचारल्याशिवाय काही होत नसे, आणि विचारलं की उत्तर येईपर्यंत जेवायचं नसे. हा नियम कुणी कधी आम्हाला बसवून सांगितला नव्हता. बाबांना काही विचारलं की आई विचारणाऱ्याचं ताट उचलून फळीवर उपडं ठेवी, बस. उत्तर आलं की ताट खाली येई. हो म्हणाले तरी, नाही म्हणाले तरी. बाबा बहुतेक वेळा म्हणत, "उद्या सांगतो." आवाज चढवत नसत. त्यांनी आमच्यावर कधी बोट उगारलं नाही, आणि आई हे अभिमानाने सांगे. सांगायला तिथे कोणी नसे, म्हणून आम्हालाच सांगे. बाबांचं म्हणणं असं की ज्या गोष्टीसाठी माणूस भूक सोसत नाही ती त्याला हवीच नसते. ते स्वतः उगाच दोन घास जास्त खाणारे नव्हते, रोज पहाटे डोळे मिटून बसणारे होते, आणि देवाशीही आपलं असंच बोलणं असतं असं ते मानत. त्यामुळे लहानपणी मला देव म्हणजे कुठल्यातरी बंद खोलीत बसलेले, सावकाश जेवणारे आणि उद्या सांगतो म्हणणारे कोणी मोठे बाबा वाटत. तो तसा नाही हे कळायला मला फार वर्षं लागली. अजूनही कधी कधी हात जोडल्यावर क्षणभर थबकायला होतं.

काल रात्रीचं जेवण व्हायच्या आत धाकटीने, माझ्या बहिणीने, विचारलं होतं. भांडी पुसत होती, माझ्याकडे पाठ होती. ती पावाच्या दुकानात काउंटरवर असते. तिथल्या दोघी मिळून खोली घेताहेत, तिसरी हवी आहे. "ताई, मी त्यांच्याबरोबर राहायला जाऊ का?" मी तेव्हा काही फार विचार केला असं नाही. कामाने डोळे जड झाले होते, आणि ती गेली तर ही खोली कशी दिसेल एवढंच एकदम डोळ्यांपुढे आलं. भिंतीकडची तिची गादी, खिडकीच्या कडेला तिचा कंगवा, आणि ती दोन्ही नाहीत. मी म्हणाले, "उद्या सांगते." ती वळली नाही. फडकं पिळून तारेवर टाकलं आणि झोपायला गेली. मला वाटलं, दमली असेल, भूक नसेल. खरंच वाटलं का? सकाळी चहा ओतला, तिचा कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो दोन्ही हातांनी जरा बाजूला केला, कपाचा कान भिंतीकडे करून, आणि केस विंचरू लागली. चहावर साय धरली. ती निघाली तेव्हा कप तसाच होता. मी तो पाहिला. आणि त्या वेळी माझ्या आत काय झालं ते मला आत्ता, डब्याकडे हात जात नव्हता तेव्हा कळलं. मला बरं वाटलं होतं. छातीत काहीतरी आपल्या जागी येऊन बसलं होतं, साच्यात कवळी बसते तसं, हलकासा आवाज करून. आमचं जुनं घर परत आलं होतं.

आमचं घर गावाच्या वर होतं. बाबा पाणीपुरवठ्याच्या तलावावर होते, गावाला पाणी सोडायची चाकं त्यांच्या हातात. तलावाला तारेचं कुंपण, कुंपणाच्या आत सरकारी घर, आणि गाव उताराखाली, धुरकट, छपरंच तेवढी दिसणारी. बाबा गावातल्या लोकांना खालचे म्हणत. खालचे आपल्या हातचं पाणी पितात, आपण त्यांच्या हातचं काही घ्यायचं नाही. शाळेत मी थोडी वर्षं गेले, धाकटी तेवढीही नाही. ती माझ्याहून बरीच लहान, मला मैत्रीण म्हणून मिळाली तेव्हा मी जवळजवळ मोठी झाले होते. आम्ही दोघी कुंपणापाशी बसून खालच्यांची लग्नं लावायचो. त्या लाल छपरातली मुलगी त्या पत्र्याच्या छपरात द्यायची, असं. धाकटी म्हणायची, छप्पर गळकं आहे, मुलगी देणार नाही. मोठ्याने हसायची मात्र सोय नव्हती. पाण्यावरून आवाज लांब जातो आणि बाबांना वाऱ्याची दिशा कळायची.

आईने उभ्या जन्मात एकदाच विचारलं. तिची आई आजारी असल्याचा निरोप गावातून कोणीतरी कुंपणाशी येऊन ओरडून सांगितला होता. आईने विचारलं, आणि स्वतःचं ताट स्वतःच फळीवर उपडं ठेवलं. बाबा म्हणाले, उद्या सांगतो. आई स्वयंपाक करत राहिली, आम्हाला वाढत राहिली, चुलीपाशी उभी राहताना भिंतीला हात लावू लागली. पुढे दुसरा निरोप आला. मग बाबांनी उत्तर दिलं. ते म्हणाले, जा. आईने ताट खाली घेतलं, पुसलं, जेवायला बसली. कुठेच गेली नाही. तिचे दात त्यानंतर हलायला लागले असं मला वाटतं, पण तो माझ्या मनाचा खेळही असेल. दात सगळे गेल्यावर, तिला जेवता येईना आणि घरचं जेवण वाया जाऊ लागलं तेव्हा, बाबांनी कुणी न विचारताच तिला खाली पाठवलं आणि सोबत मला. दाताच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत आमच्या या कवळ्यांच्या कारखान्याचे मालक बसले होते, माप घ्यायला आलेले. टेबलावर लाकडी खणांत दात मांडलेले, छटेप्रमाणे, पिवळटापासून पांढऱ्यापर्यंत. मी हात लावला. मालक म्हणाले, "धर, धर, चावणार नाहीत." मग मी तो दात ज्या तऱ्हेने धरला ते पाहून म्हणाले, हात बरा आहे, शिकायचं असेल तर ये.

आईची कवळी तयार होऊन आली त्या दिवशी मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "उद्या सांगतो," आणि चाकं बघायला गेले. पहिल्या भुकेत मला राग होता, नंतरच्या भुकेत तो गेला. नंतर फक्त बाबा कधी तोंड उघडतात एवढं बघणं उरलं. त्यांनी खाकरलं तरी माझं अंग ताठ होई. जे विचारलं होतं ते मी जवळजवळ विसरले, उत्तर तेवढं हवं होतं, कुठलंही. आणि मग एका दुपारी, ते तलावाच्या पलीकडच्या काठावर असताना, मी चपला घातल्या आणि उतार उतरले. आई ओटा पुसत होती, पुसतच राहिली. नव्या कवळीची तिला सवय नव्हती, ती तोंडातल्या तोंडात वाजत होती. धाकटी कुंपणापर्यंत आली, तिने काही विचारलं नाही. कारखान्यात मी पोचले तेव्हा पॉलिशवालीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या डब्यातला पाव आणि उकडलेलं अंडं माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं, मागे नळापाशी जाऊन सगळं ओकून टाकलं, आणि परत येऊन पुन्हा खाल्लं. तिने अजून त्याची थट्टा सोडलेली नाही. पण मला उत्तर आलेलं नव्हतं. ते कधीच आलं नाही. इतकी वर्षं मी जेवते आहे ती उत्तराच्या आधीच जेवते आहे, आणि घास घेताना मधेच कधी वाटतं, कोणीतरी मागून ताट उचलून नेईल.

आज मालकांनी येऊन माझं काम उजेडात धरलं. फार सरळ झालंय, ते म्हणाले, म्हातारीचं तोंड आहे, एखादा दात जरा वळव, कडेचा थोडा झिजव, नाहीतर तिची नातवंडं तिला ओळखायची नाहीत. मी पुन्हा सुरी दिव्यावर धरली. मेण पातळ झालं, दात सुटला, बोटाच्या टोकावर आला. मला वाटलं, हा वळवणं काल रात्रीचं उत्तर देण्यापेक्षा सोपं आहे. पण दात वळायच्या ऐवजी पडला. पॉलिशवाली लांबून म्हणाली, "तिला आधी जेवायला सांगा, मग म्हातारीला वाकडी करायला सांगा." तरी मी डबा उघडला नाही. पावाच्या दुकानात धाकटी आता उभी असेल, भट्टीच्या उष्ण वासात, हातातून ताजे पाव जाताहेत आणि तोंडात लोखंडाची चव. ती तशी उभी आहे तर मी इथे कशी जेवू, असं मी स्वतःला सांगितलं. सांगताना ते चांगुलपणाचं वाटलं, म्हणून त्याचा संशय आला.

कारण तिला मी तशी पाहिली आहे. आई आधी गेली, मग मागच्या वर्षी बाबा. तलावाच्या कचेरीतला माणूस मला बोलवायला आला. गावाला पाणी आलं नाही म्हणून कचेरीतले लोक वर बघायला गेले होते. मी उतार चढून गेले तेव्हा बाबा पलंगावर होते, चादर नीट गळ्यापर्यंत, आणि धाकटी पलंगाशेजारी स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून. फळीवर एकच ताट उपडं होतं. लोक तिला विचारत होते, डॉक्टरला का नाही बोलावलं, खालीच तर होता. ती काही सांगत नव्हती. मला सांगितलं, नंतर, अगदी हळू. बाबांना छातीत कळ आली तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, डॉक्टरला बोलावू का?" आणि बाबा म्हणाले होते, उद्या सांगतो. ती वाट बघत राहिली. त्यांचा श्वास थांबल्यावरही बघत राहिली, कारण उत्तर यायचं होतं. लोकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तिला वेडी ठरवलं असतं. मला त्यात वेडं काही दिसलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तशीच बसले असते. मी फळीवरचं ताट खाली घेतलं, त्यात घरात होतं ते वाढलं आणि तिला म्हणाले, "जेव." ती जेवली. तेव्हा मला वाटलं मी तिला सोडवते आहे. आज प्लास्टरच्या धुळीत बसून कळत होतं की त्या एका शब्दाने तिचं दार मी माझ्याकडे वळवून घेतलं होतं. पुढे ती माझ्याकडे राहायला आली आणि मला सगळं विचारू लागली. खिडकी उघडू का, केस कापू का, ही नोकरी धरू का. मी हो म्हणत असे, लगेच, हसून, आणि मला वाटे मी बाबांसारखी नाही. हो म्हणणारे बाबाच झाले होते मी. काल पहिल्यांदा मला हवं नसलेलं काही तिने विचारलं.

घरी जाताना मी ठरवलं होतं. दारातच सांगायचं, जा. पुढे काही जोडायचं नाही. चालता चालता ते म्हणून पाहिलं तर जोडलं जाऊ लागलं. जा, पण रोज निरोप दे. जा, पण त्या दोघी कशा आहेत मी आधी बघते. जा, आणि जमलं नाही तर परत ये. हे शेवटचं मला सगळ्यात गोड वाटलं, म्हणून ते मी रस्त्यातच टाकून दिलं. जिन्यावर देवाचं नाव घेतलं. उत्तर मागण्यासाठी घेतलं नाही, हे सांगता येतं एवढं बरं आहे.

धाकटी टेबलापाशी बसली होती. जेवण तयार होतं, दोन्ही ताटं वाढून झाकलेली. तिच्या पायाशी पिशवी होती, तोंड बांधलेली, आणि खिडकीच्या कडेला कंगवा नव्हता. मी चपला काढायच्या आधीच म्हणाले, "जा." ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, आता जेव. ती म्हणाली, "मी दुपारीच जेवले, ताई. काल रात्रीही दुकानातला पाव खाल्ला, तू झोपल्यावर." मला काही कळेना. मग आत्ता ताट झाकून का बसलीस, मी विचारलं. "तुझं ताट झाकलंय," ती म्हणाली. "माझं तुझ्यासाठी ठेवलंय. तुला बघायला बरं वाटेल म्हणून." हे ती रागाने म्हणाली नाही. धाकटीला रागावता येत नाही, आमच्यात कोणालाच येत नाही. आवाज आपोआप खाली जातो.

मी खुर्चीवर बसले. तिने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग जे सांगितलं ते खाली बघून, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत सांगितलं. त्या दोघींना तिने अजून नक्की कळवलं नव्हतं. काल मी उद्या सांगते म्हणाले तेव्हा तिला वाटलं, ताई दमली आहे, सहज म्हणाली असेल, तिच्या लक्षातसुद्धा नसेल. म्हणून सकाळी तिने चहा मुद्दाम बाजूला केला.

"तू नुसतं 'पी गं' म्हणाली असतीस ना," ती म्हणाली, "तर मी राहिले असते. मला राहायचंच होतं जवळजवळ. पण तू कपाकडे बघितलंस आणि तुझा चेहरा इतका निवांत झाला. बाबांचा व्हायचा तसा."

मी तिला सांगणार होते की मी आज दिवसभर जेवले नाही. शब्द ओठापर्यंत आले आणि मला त्यांचं वजन कळलं. ते तिच्या ताटात पडले असते आणि तिने पिशवी सोडली असती. भुकेची ही रीत आम्हाला दोघींना येते. मी पाणी प्यायले. घशातून ते खाली उतरताना आवाज झाला. म्हणाले, त्या खोलीत उजेड येतो का? ती म्हणाली, सकाळी येतो. पुढच्या भिंतीवर टांगायला खुंट्या नाहीत, तेवढं बघायचंय. मी म्हणाले, खिळे माझ्याकडे आहेत, आणि लगेच म्हणाले, दुकानातही मिळतात. ती थोडं हसली. उठली, पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि माझ्याजवळ येऊन माझ्या बाहीवरची धूळ झटकली, दोनतीनदा, जोरात, लहान मुलाची झटकावी तशी. तिच्या हाताला पावाचा वास होता.

दारापाशी जाऊन ती वळली. मला वाटलं ती विचारेल. तिचं तोंड तसं झालंही, त्याच्या आधीचा श्वास तिने घेतला, तो मी ओळखते. तो तिने तसाच सोडून दिला. म्हणाली, "जाते."

घरातून निघताना येते म्हणायचं. जाते म्हणू नये, एवढं खालच्यांनासुद्धा माहीत असतं. येते म्हण गं, असं माझ्या जिभेवर आलं, अगदी मायेचं, आईने म्हणावं तसं. मी जीभ दातांत धरली. ती जिना उतरू लागली, पिशवी कठड्याला घासत होती. मधल्या वळणावर पावलं थांबली. मी खुर्चीची कड धरून बसले होते, तोंड उघडलं असतं तर हाक गेली असती. पिशवीचा हात बदलला असावा, कारण घासण्याचा आवाज आता दुसऱ्या बाजूने येऊ लागला, आणि खाली जात राहिला. खालचं दार उघडलं, मिटलं.

मी ताट उघडलं. जेवण निवलं होतं. कोणी काही म्हणायची वाट न बघता पहिला घास उचलायचा होता. मी तो उचलला, आणि हात तोंडापाशी जाऊन तिथेच थांबला. खोलीत अजून उजेड होता. मी घास हातात धरून बसले होते, आणि तो उजेड भिंतीवरून, तिच्या गादीजवळून, सावकाश वर सरकत होता.